जुन्या विमानाला नवं इंजिन की मुळापासून नवं विमान?

आरोह (मूळ प्रश्न)

एअरबसने ए३२० निओची घोषणा डिसेंबर २०१० मध्ये केली आणि जानेवारी २०१६ मध्ये ते प्रवासी सेवेत आलं. बोईंगने ऑगस्ट २०११ मध्ये ७३७ मॅक्स जाहीर केलं, ते मे २०१७ मध्ये सेवेत आलं. दोघांनी जुना सांगाडा ठेवून नवी इंजिनं बसवली आणि दोघांनाही इंधनात साधारण १५ टक्क्यांच्या आसपास बचत मिळाली. कागदावर दोन्ही निर्णय सारखेच दिसतात. तरी एक विमान सरळ मार्गी लागलं आणि दुसऱ्याचे दोन अपघात होऊन ३४६ माणसं गेली, पुढे वीसेक महिने त्याचं उड्डाण बंद राहिलं.

उलट बाजूला मुळापासून नवी केलेली विमानं पाहिली तर बोईंगचं ७८७ तीन वर्षांहून जास्त उशिरा आलं. बॉम्बार्डिअरचं सी सिरीज विमान म्हणून उत्तम निघालं, पण २०१८ मध्ये तो प्रकल्प एअरबसच्या ताब्यात द्यावा लागला.

मला समजून घ्यायचंय ते असं. जुन्या आराखड्यात अजून वाढायला जागा आहे की नाही, हे नेमकं कोणत्या भागांवरून कळतं? जुनं टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या विमानाला नियामकाने दिलेलं मूळ प्रमाणपत्र) पुढे चालवण्यात खरा फायदा काय आणि त्याची किंमत काय? आणि इंजिन तेच ठेवून फक्त सांगाडा नवा केला तर अशी किती बचत होते? आकड्यांसह उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.

नॅसेल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लँडिंग गिअरपासून सुरू होतं.

इंजिन कमी इंधन पितं ते मुख्यतः दोन कारणांनी. गाभा जास्त तापमान आणि जास्त दाबावर चालतो, आणि फॅन मोठा होऊन जास्त हवा कमी वेगाने मागे ढकलतो. पहिली गोष्ट सांगाड्याला फारशी दिसत नाही. दुसरी दिसते, कारण फॅनचा व्यास वाढला की इंजिन जमिनीकडे सरकतं.

७३७ चं पहिलं उड्डाण १९६७ चं. तेव्हाच्या जेटी८डी इंजिनाचा बायपास रेशो (गाभ्याबाहेरून आणि गाभ्यातून जाणाऱ्या हवेचं प्रमाण) १ च्या आसपास होता, इंजिन लांबट आणि बारीक होतं, पंखाला जवळजवळ चिकटून बसायचं. विमान मुद्दाम बुटकं ठेवलं होतं, म्हणजे छोट्या विमानतळांवर शिडी आणि सामान चढवायची यंत्रं नसली तरी काम भागेल. त्या काळासाठी तो निर्णय बरोबरच होता. १९८४ मध्ये ७३७-३०० वर सीएफएम५६-३ आलं, फॅन १.५२ मीटर. तेव्हाच जागा अपुरी पडली. इंजिन पुढे सरकवलं, खालचा गिअरबॉक्स बाजूला नेला आणि नॅसेलचं, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाचं, तोंड खालून चपटं केलं. पुढच्या पिढीत १.५५ मीटर, आणि मॅक्सच्या लीप-१बी ला १.७६ मीटर.

ए३२० ची रचना १९८० च्या दशकातली, ती सुरुवातीपासूनच मोठ्या फॅनचं इंजिन धरून केली होती. पाय उंच होते. म्हणून निओवर लीप-१ए चा १.९८ मीटरचा आणि प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअरवाल्या इंजिनाचा २.०६ मीटरचा फॅन बसला. इंजिन पंखाला जोडणारा पायलॉन बदलला, पंख जागोजागी मजबूत केला, शार्कलेट (पंखाची वर वळलेली टोकं) आणि इंजिनं धरून रिकाम्या विमानाचं वजन सुमारे १.८ टन वाढलं. पण इंजिनाची पंखाशी असलेली जागा फार हलली नाही.

बायपास रेशोत हा फरक थेट दिसतो. लीप-१ए ११, लीप-१बी ९. एकाच कुळातली ही दोन इंजिनं, पण धाकट्याचा फॅन त्याच्या डोक्यावरच्या पंखाने ठरवला. बोईंगला आणखी मोठा फॅन नको होता असं नाही, जागा नव्हती.

मग ७३७ चे पाय लांब का केले नाहीत, हा नेहमीचा प्रश्न. पुढचा पाय २० सेंटिमीटरने लांब केला. मुख्य पाय आतल्या बाजूला मिटतात आणि चाकं पोटातल्या ठरलेल्या खोबणीत बसतात. पाय लांब करायचा तर तो जिथे फिरतो तो सांधा पंखावर बाहेरच्या बाजूला न्यावा लागतो. म्हणजे पंखाचा मागचा आडवा पट्टा, त्याला धरणारे जोड आणि इंजिनाची जागा, सगळं हलतं. शिवाय विमान उंच झालं की पंखावरच्या आपत्कालीन दारांचा प्रश्न येतो. पंखावरून जमिनीपर्यंतची उडी साधारण १.८३ मीटरच्या वर गेली तर नियमाप्रमाणे घसरगुंडी द्यावी लागते. ए३२० ला ती आहे. ७३७ मध्ये प्रवासी फ्लॅपवरून घसरत उतरतात. एक पाय वाढवला की चार ठिकाणी नवं काम निघतं ते असं.

मॅक्स १० सर्वांत लांब, त्याची शेपूट उड्डाणाच्या वेळी जमिनीला लागू नये म्हणून मुख्य पायात सरकतं तरफयंत्र बसवलं आहे. नाक उचलताना पाय सुमारे २४ सेंटिमीटर लांबतो आणि मिटताना आखडून जुन्याच खोबणीत जातो. अभियांत्रिकी म्हणून फारच सुंदर काम आहे. पण हे करावं लागतंय, हीच खूण की आराखड्यातली शिल्लक संपत आली आहे.

ताणरेषा

नॅसेल यांच्याशी सहमत. पुढचा दुवा एमकॅसचा, म्हणजे मॅक्समध्ये नाक आपोआप खाली ढकलणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंनी चुकीचं फार लिहिलं जातं.

इंजिन पुढे आणि वर गेलं. विमान जास्त कोनात नाक वर करून उडत असतं तेव्हा मोठं नॅसेल स्वतःच थोडी उचल तयार करतं. ही उचल गुरुत्वमध्याच्या पुढे असल्याने नाक आणखी वर जायला मदत होते. त्यामुळे विमान लगेच अस्थिर होत नाही. होतं इतकंच की स्टॉलकडे (पंखाची उचल तुटण्याकडे) जाताना कॉलम, म्हणजे वैमानिकाच्या हातातला दांडा, मागे ओढायला जेवढा जोर वाढत जायला हवा, तेवढा तो वाढत नाही, हात हलका पडतो. आणि नियम सांगतो की जोर सातत्याने वाढलाच पाहिजे, म्हणजे वैमानिकाला हातानेच कळतं की आपण धोक्याकडे निघालो आहोत. एमकॅस स्टॉल रोखण्यासाठी नव्हतं, हाताला हा जोर जाणवावा यासाठी ते आडवं स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) फिरवून नाक खाली ढकलत होतं.

खरी चूक पुढे झाली. सुरुवातीची कल्पना जास्त वेगाच्या तीव्र वळणापुरती होती. कोन आणि गुरुत्वभार या दोन्ही अटी एकदम पूर्ण झाल्या तरच ते चालू होणार आणि एका वेळी ०.६ अंश फिरवणार. २०१६ च्या चाचण्यांत कमी वेगालाही तोच हलकेपणा आढळला. कमी वेगाला स्टॅबिलायझरचा परिणाम कमी म्हणून मर्यादा २.५ अंशांपर्यंत वाढवली, आणि गुरुत्वभाराची अट काढली. राहिला एकच इशारा, कोन मोजणारा एकच सेन्सर, आणि प्रत्येक वेळी वैमानिकाने ट्रिम केल्यावर (स्टॅबिलायझर स्वतः परत फिरवल्यावर) पाच सेकंदांनी पुन्हा चालू होण्याची मुभा. सुरक्षेचं मूल्यमापन मात्र या वाढलेल्या ताकदीच्या प्रमाणात पुन्हा मुळातून झालं नाही.

दुरुस्तीनंतर दोन्ही सेन्सर पाहिले जातात, त्यांत ५.५ अंशांहून जास्त फरक असेल तर एमकॅस गप्प बसतं, एका प्रसंगात एकदाच चालतं, आणि कॉलम ओढून ज्याच्यावर मात करता येईल त्यापेक्षा जास्त फिरवत नाही. हे सगळं पहिल्या दिवशी करण्यासारखं होतं, त्यासाठी नवं विमान लागत नव्हतं. म्हणून "जुना सांगाडा म्हणून अपघात" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. जुन्या सांगाड्याने समस्या निर्माण केली. ती "छोटा बदल" म्हणून दाखवायच्या दडपणाने उपाय बिघडवला.

संगणकाने चालणारी नियंत्रणं असली की हे सगळं टळतं असंही नाही. २०१९ मध्ये ए३२१ निओच्या बाबतीत ईएएसए या युरोपच्या विमानसुरक्षा नियामकाने गुरुत्वमध्याची मर्यादा घातली होती, कारण काही ठरावीक स्थितीत नाक अपेक्षेपेक्षा जास्त वर जाऊ शकत होतं. फरक एवढाच की तिथे कोनाचं संरक्षण मूळ नियंत्रणप्रणालीतच असतं, म्हणून दुरुस्ती त्याच सॉफ्टवेअरमध्ये करता येते. ७३७ मध्ये केबल, हायड्रॉलिक आणि हाताने फिरवायचं ट्रिमचं चाक अशी साखळी आहे. दुसऱ्या अपघातातल्या इथियोपियन एअरलाइन्सच्या विमानात वेग इतका वाढला होता की ते चाक हाताने फिरवणं वैमानिकांना जमलं नाही.

कलम२१

सर्टिफिकेटबद्दल लिहितो, कारण या विषयात "जुन्या नियमांवर पास केलं" हे एवढंच वाक्य फिरतं आणि ते अपुरं आहे.

अमेरिकेत याचा नियम २१.१०१, युरोपात त्याचंच समांतर कलम. मूळ तत्त्व असं: विमानात मोठा बदल केला तर बदललेल्या भागाला आणि त्याच्यामुळे परिणाम होणाऱ्या भागाला अर्जाच्या तारखेचे नियम लागू. न बदललेला भाग जुन्या नियमांवर राहू शकतो. बदल मोठा आहे का, हे तीन गोष्टींवरून पाहतात: विमानाची एकूण ठेवण बदलली का, बांधणीचं तत्त्व बदललं का, आणि मूळ प्रमाणपत्र देताना धरलेली गृहीतकं आता खोटी ठरतात का. त्यातही सूट मिळू शकते. नवा नियम लावून सुरक्षेत विशेष भर पडणार नसेल, किंवा तो लावणं व्यवहार्य नसेल, तर.

म्हणून मॅक्सची नवी इंजिनं, नवं पायलॉन, बदललेलं शेपूट यांना नवे नियम लागले. कॉकपिटमधल्या इशाऱ्यांची व्यवस्था मात्र जुनी राहिली. आजच्या इतर विमानांत बिघाडांची यादी महत्त्वाच्या क्रमाने पडद्यावर येते आणि पुढे काय करायचं तेही दिसतं. ७३७ मध्ये दिवे, आवाज आणि हँडलचं थरथरणं हे वेगवेगळे येतात, क्रम माणसाने लावायचा. एक सेन्सर बिघडल्यावर त्या दोन्ही विमानांत हे सगळं एकदम सुरू झालं होतं.

यावर नंतर अमेरिकी काँग्रेसने २०२० च्या कायद्यात मुदत घातली: २७ डिसेंबर २०२२ नंतर प्रमाणपत्र मिळणाऱ्या विमानात आधुनिक इशाराव्यवस्था हवी. मॅक्स ७ आणि मॅक्स १० तोवर पूर्ण झाले नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना सवलत मिळाली, पण बदल्यात कोनाची तिसरी, गणिताने काढलेली नोंद आणि खोटा स्टॉलइशारा बंद करण्याची सोय द्यायची अट आली, आणि ती आधीच्या मॅक्स विमानांतही मागाहून बसवायची. म्हणजे सवलत मिळाली तरी काम टळलं नाही, नुसतं पुढे गेलं.

मॅक्स ७ चं काम पुढे वेगळ्याच ठिकाणी अडलं, तेही इथे सांगण्यासारखं. इंजिनाच्या तोंडाची कड बर्फ जमू नये म्हणून गरम हवेने तापवतात. लीप-१बी च्या नॅसेलचा आतला भाग कार्बन फायबरचा आहे. कोरड्या हवेत ही यंत्रणा पाच मिनिटांपेक्षा जास्त चालू राहिली तर तो भाग मर्यादेपलीकडे तापू शकतो. २०२३ मध्ये एफएए या अमेरिकी नियामकाने वैमानिकांना ती वेळेत बंद करण्याचा आदेश दिला. एक नवा पदार्थ, एक जुनी सवय, मधे कुणी पूल बांधला नाही. सुधारित विमानात हे धोके फार असतात, कारण नव्या भागाची चाचणी नव्या भागापुरती होते आणि त्याला वापरण्याची पद्धत जुन्या विमानातून येते.

आता फायदा काय, ते. खरा पैसा वैमानिकांच्या रेटिंगमध्ये, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या परवान्यात आहे. रेटिंग तेच राहिलं तर एअरलाइन आज जुनं, उद्या नवं विमान त्याच वैमानिकाला देऊ शकते. मॅक्ससाठी जुन्या वैमानिकांना संगणकावरचं काही तासांचं प्रशिक्षण पुरेसं ठरलं होतं, सिम्युलेटर नाही. साउथवेस्टशी बोईंगचा करार होता की सिम्युलेटर लागलं तर विमानामागे १० लाख डॉलर द्यायचे. हे अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीत पुढे आलं. अशी अट डोक्यावर असली की वैमानिकाला जाणवेल असा प्रत्येक बदल लपवण्याकडे कल जातो. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय हाच होता.

शिल्लकखाते

आरोह, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचा हिशेब मांडतो. आकडे गृहीत धरलेले आहेत, स्वतःचे घालून बघा.

१८० आसनांच्या आसपासचं विमान वर्षाला ३,५०० तास उडतं, तासाला २.४ टन इंधन धरू. वर्षाचं ८,४०० टन. इंधन टनामागे ८०० डॉलर. नव्या इंजिनांनी १५ टक्के वाचले तर १,२६० टन, म्हणजे वर्षाला साधारण १० लाख डॉलर. १२ वर्षांची बचत ८ टक्के व्याजदराने आजच्या किमतीत आणली तर सुमारे ७६ लाख.

आता याच इंजिनांसह सांगाडा पूर्ण नवा केला आणि उरलेल्या ७,१४० टनांवर आणखी ६ टक्के वाचले असं समजू. ४२८ टन, वर्षाला ३.४ लाख डॉलर, आजच्या किमतीत २६ लाखांच्या आत. एअरलाइन या बचतीसाठी यापेक्षा जास्त पैसे मोजणार नाही. नव्या सांगाड्याचा विकासखर्च १,५०० कोटी डॉलर धरला तर, अगदी सगळी बचत कंपनीच्याच पदरात पडली तरी, खर्च निघायला ५,७०० हून जास्त विमानं विकावी लागतात. त्यात पैशावरचं व्याज धरलेलं नाही.

निओचा खर्च एअरबसने सुरुवातीला १०० कोटी युरोंहून थोडा जास्त सांगितला होता. इंजिनाचा विकास इंजिन कंपनीने केला, हे इथे विसरू नये. ७६ लाखांतले समजा चौथा हिस्साच विमान कंपनीला मिळाला, तरी सातशेच्या आसपास विमानांत खर्च निघतो. या दोन आकड्यांकडे पाहिलं की २०१०-११ मध्ये दोघांनी तोच मार्ग का धरला ते उघड आहे. बोईंग तेव्हा नव्या विमानाचा विचार करत होती. जुलै २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ४६० विमानांच्या मागणीतली २६० एअरबसला दिली आणि बोईंगचा निर्णय पुढच्याच महिन्यात झाला.

पण या कोष्टकात एक रकाना नाही. मॅक्सच्या बंदीचा थेट खर्च २,००० कोटी डॉलरच्या आसपास गेला. नव्या सांगाड्यासाठी मी वर धरलेल्या रकमेपेक्षा जास्त. म्हणून "सुधारणा स्वस्त" हे विधान आराखड्यात शिल्लक असेपर्यंतच खरं. ए३२० ला ती होती.

आरोह

फार उपयोगी. दोन उपप्रश्न. कार्बन फायबरचं हलकं शरीर केलं तर ६ टक्क्यांपेक्षा जास्त नाही का मिळणार? आणि शरीर जुनं ठेवून फक्त पंख नवे, हा मधला मार्ग कसा?

ताणरेषा

छोट्या विमानात कार्बनच्या शरीराचा फायदा अपेक्षेपेक्षा कमी का, त्याचं साधं गणित आहे. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.०६ मेगापास्कल जास्त. शरीराची त्रिज्या १.९ मीटर. पत्र्यावरचा ताण १०० मेगापास्कलपर्यंत ठेवायचा तर जाडी ०.०६ गुणिले १,९०० भागिले १००, म्हणजे १.१४ मिलिमीटर. अॅल्युमिनियमच्या छोट्या विमानांचा पत्रा बऱ्याच ठिकाणी खरोखर एवढाच असतो. कार्बन फायबर दाबापुरता याहूनही पातळ चालेल. पण इतक्या पातळ कार्बनला गारा, सामानाच्या गाड्यांची धडक, हातातून पडलेलं अवजार सोसत नाही. आणि इजा आतल्या थरांत होते, बाहेरून दिसत नाही. म्हणून गरजेपेक्षा जाड करावं लागतं, वर विजेसाठी तांब्याची जाळी. वाचलेल्या वजनातला बराच भाग इथेच परत जातो. ७८७ किंवा ए३५० चं शरीर रुंद, त्रिज्या मोठी, तिथे दाबासाठीच जास्त जाडी लागते आणि कार्बनचा फायदा पुरेपूर मिळतो. ही अडचण शरीराची. पंखात कार्बनचा फायदा छोट्या विमानातही चांगला मिळतो.

दुसरी अडचण वेगाची. ७८७ चं उत्पादन सर्वाधिक असताना महिन्याला १४ होतं. ७३७ चं २०१८ मध्ये ५२. छोट्या विमानाचा कारखाना आता महिन्याला ७० च्या पुढचा विचार करतो. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या भट्टीत) तासन् तास भाजून काढायचे भाग त्या वेगाने करायचे तर साचे, भट्ट्या आणि तपासणीची यंत्रं कितीतरी पट लागतील. नवं विमान उडवणं जमतं. रोज तीन बाहेर काढणं हे वेगळं आणि जास्त कठीण काम आहे. ७८७ च्या सुरुवातीच्या विमानांवर झालेला, पुढे वसूल करायचा म्हणून हिशेबात लांबवलेला खर्च २,५०० कोटी डॉलरच्या पुढे गेला होता, त्याचं मोठं कारण हेच. भाग वेळेवर आणि पूर्ण येत नव्हते आणि जोडणीच्या जागेवर अर्धवट कामं पुरी करावी लागत होती.

नॅसेल

मधल्या मार्गाची तीन उदाहरणं, तिन्हींचा निकाल वेगळा.

एम्ब्रेअर ई२: २०१३ मध्ये जाहीर, एप्रिल २०१८ मध्ये पहिलं विमान सेवेत, अंदाज १७० कोटी डॉलरचा. शरीर जवळजवळ तेच, पंख नवे, पाय लांब, नियंत्रणं पूर्ण संगणकीय. वेळेत पार पडलं. जिथे शिल्लक नव्हती तिथे त्यांनी तो भागच बदलला, सॉफ्टवेअरने झाकला नाही. एक गोष्ट मात्र अडली ती अभियांत्रिकीबाहेरची. अमेरिकेत मोठ्या एअरलाइन्सचे वैमानिकांशी करार असतात, त्यात उपकंपनीच्या विमानाला ७६ आसनं आणि सुमारे ३९ टनांची मर्यादा आहे. ई१७५-ई२ नव्या इंजिनांमुळे त्याच्या कितीतरी वर गेलं आणि थांबवून ठेवावं लागलं. जुनं ई१७५ च तिथे विकलं जातं.

बोईंगचं ७७७एक्स: नोव्हेंबर २०१३ मध्ये जाहीर, २०२० मध्ये सेवेत यायचं होतं. अॅल्युमिनियमचं शरीर, ७१.८ मीटरचा कार्बनचा पंख, टोकं दुमडून ६४.८ मीटर, कारण विमानतळावरच्या त्या वर्गाची मर्यादा ६५ मीटरची. जीई९एक्स चा फॅन ३.४ मीटर. पंख, इंजिन, दुमडणारी टोकं, नियंत्रणं सगळं नवं असताना "सुधारित" म्हणण्यासारखं उरलं काय? सप्टेंबर २०१९ च्या भारचाचणीत कमाल भाराच्या सुमारे ९९ टक्क्यांवर शरीर फाटलं. कमाल भार म्हणजे सेवेत येऊ शकेल अशा सर्वांत मोठ्या भाराच्या दीडपट, तेव्हा ते सुरक्षेच्या दृष्टीने भयंकर नव्हतं, पण जुन्या शरीरात शिल्लक किती बारीक उरली होती ते दिसलं. ऑगस्ट २०२४ मध्ये इंजिनाचा जोर पंखाकडे नेणाऱ्या दुव्यांत तडे सापडून चाचण्या थांबल्या. २०२५ संपेपर्यंत प्रमाणपत्र नव्हतं. मॅक्सनंतर नियामक असे प्रकल्प नव्या विमानासारखेच तपासतात, मग सुधारणेचा वेळेचा फायदा जातो.

तिसरं ए३५०. २००४ मध्ये एअरबसने ए३३० चंच शरीर आणि नवे पंख घेऊन ए३५० पुढे केलं. मोठ्या ग्राहकांनी, त्यात विमानं भाड्याने देणारे स्टीव्हन उद्वार-हाझी प्रमुख, २००६ मध्ये उघड सांगितलं की हे पुरेसं नाही. कंपनीने माघार घेतली, रुंद शरीराचं नवं ए३५० एक्सडब्ल्यूबी आखलं आणि ते जानेवारी २०१५ मध्ये सेवेत आलं. मग २०१४ मध्ये त्याच ए३३० वर नवी इंजिनं बसवून ए३३० निओ जाहीर केलं. तेव्हा ते योग्य होतं, कारण आता ते पहिल्या क्रमांकाचं विमान असण्याची गरज नव्हती. एकाच सांगाड्याबद्दल आठ-दहा वर्षांत दोन उलटे निर्णय, आणि मला दोन्ही पटतात.

कलम२१

शिल्लक पाहायची तर टाकीसुद्धा पाहा. ए३२१ एक्सएलआर मध्ये मागे १२,९०० लिटरची नवी टाकी शरीराच्याच आकाराची बांधली. पल्ला ८,७०० किलोमीटर सांगितला. पण टाकी थेट बाहेरच्या पत्र्याला लागून, प्रवाशांच्या पायाखाली. जमिनीवर बाहेर आग लागली किंवा विमान पोटावर घसरलं तर काय, यावर ईएएसएने खास अटी घातल्या. संरक्षण वाढवावं लागलं, वजन वाढलं, वर्षभराहून जास्त उशीर झाला, नोव्हेंबर २०२४ मध्ये ते सेवेत आलं. चांगलं विमान आहे. पण ए३२० च्या कुळातही आता सोप्या जागा उरलेल्या नाहीत.

शिल्लकखाते

मग नवं विमान केव्हा? माझं मत: इंजिन जेव्हा जुन्या सांगाड्यावर बसूच शकत नाही तेव्हा. वरच्या गणितात फक्त सांगाड्याची ६ टक्के बचत एवढ्या मोठ्या खर्चाला पुरत नाही. इंजिनाची २० टक्के तिच्यासोबत आली तर चित्र उलटतं. लीप इंजिनं बनवणाऱ्या सीएफएमने २०२१ मध्ये राइज हा नव्या इंजिनाचा प्रकल्प जाहीर केला, त्याचं लक्ष्य तेच, २० टक्के, आणि वेळ २०३० च्या दशकाच्या मध्याची. त्या उघड्या फॅनचा व्यास सुमारे ४ मीटर आहे, लीप-१ए च्या दुप्पट. ए३२० च्या पंखाखाली तो मावणार नाही, ७३७ चा तर प्रश्नच नाही. पंख वर न्यायचा, पाय खूप लांब करायचे, की इंजिन मागे न्यायचं, यातलं काहीही निवडलं तरी शरीर, पंख आणि शेपूट नव्याने आखावं लागतं. शिवाय नॅसेल नसल्याने तुटलेलं पातं अडवायला कवच नाही, तेव्हा शरीराच्या त्या पट्ट्याला ढाल हवी. आणि रुंदी ३६ मीटरच्या आत ठेवायची, नाहीतर आजच्या ७३७-ए३२० च्या उभं राहायच्या जागा हातच्या जातात. लांब सडपातळ पंखाला ती मर्यादा जाचक, म्हणून दुमडणारी टोकं इथेही येतील असं मला वाटतं.

सी सिरीजचा धडा इथे लागू होतो. २००८ मध्ये जाहीर, जुलै २०१६ मध्ये सेवेत, इंजिन आणि सांगाडा दोन्ही नवे. विमान म्हणून निर्णय बरोबर होता. पण खर्च ५०० कोटी डॉलरच्या पुढे गेला आणि तेवढा भार पेलण्याइतकं दुसरं विकतं विमान कंपनीच्या हाताशी नव्हतं. एअरबस आणि बोईंगकडे ते आहे, म्हणून जुन्या कुळाच्या विक्रीतून पैसा येत असतानाच नव्याची सुरुवात करावी लागेल. आराखड्यापासून पहिल्या प्रवाशापर्यंत आठेक वर्षं धरा. मध्य-२०३० चं इंजिन पकडायचं असेल तर पंखाची रचना आणि तो महिन्याला सत्तरच्या वेगाने कसा बनवायचा, हे दोन्ही त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असायला हवं.

आरोह

धन्यवाद सर्वांना. शिल्लकखाते, तुमच्या गणितात इंधन १,२०० डॉलर टन घालून पाहिलं. सांगाड्याची बचत विमानामागे ३९ लाखांच्या आसपास जाते, तरी ३,८०० च्या वर विमानं लागतात.

शिल्लकखाते

बरोबर. आता त्यात वार्षिक तास ४,२०० करा आणि देखभालीचा खर्च विमानामागे वर्षाला २ लाखांनी कमी धरा. उशीर मात्र वेगळ्या रकान्यात टाका. ७८७ चा उशीर तीन वर्षांहून जास्त होता, आणि उशिराच्या काळात पैसे येत नाहीत पण व्याज चालूच असतं. बहुतेक वेळा निकाल इंधनाच्या भावाने फिरत नाही, त्या रकान्याने फिरतो.